फिल्ममध्ये बसलेला रेणू

"सर, फिल्मखालची ओळ कोणी काढून टाकली?" मी दार न वाजवताच आत शिरले.

"कुठली?"

"'मधली हालचाल काल्पनिक आहे.' मी घातली होती."

"अहो बाई, इतक्या चांगल्या फिल्मला गालबोट कशाला?" सर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संस्थेसाठी रेणूंच्या फिल्म करणं हे माझं काम. इथे मला 'कार्टूनवाल्या बाई' म्हणतात, म्हणोत बापडे. सरांनी दोन चित्रं दिली होती. एकात प्रथिनाची खाच रिकामी, दुसऱ्यात औषधाचा रेणू त्या खाचेत बसलेला; तसा बसला तरच औषध लागू पडणार. हे दुसरं चित्रही अंदाजानेच काढलेलं. मधला प्रवास सॉफ्टवेअर भरून काढतं, तेही अक्कल न वापरता. पहिल्या खेपेला अणू एकमेकांच्या आरपार गेले! मग मीच रेणूला वळसा घालायला लावला, सोनेरी रंग दिला आणि अलगद आत नेला. सगळं माझ्या मनचं. म्हणून तर ती ओळ होती.

सरांनी ती काढून फिल्म बातम्यांच्या चॅनेलला दिली, आणि माझ्या दादाने ती पाहिली. ज्या आजारावर हे औषध शोधतायत, तोच त्याला आहे. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टर बजावत होते. सकाळी वहिनीचा फोन आला, "वन्सं, हे ऑपरेशनला नकोच म्हणतायत. तुमचं औषध आलंय म्हणे!"

"सर, चॅनेलला खरं काय ते कळवा."

"आता? हसं होईल."

"कोणाचं?"

सरांनी घड्याळ पाहिलं. असल्या माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. मी तडक दादाकडे गेले.

सुजलेले पाय स्टुलावर ठेवून तो शेजाऱ्यांना मोबाइल दाखवत होता. "हिनेच केलीय बरं का!"

"दादा, तो रेणू तिथे बसतो की नाही, अजून कोणालाच माहीत नाही. मी बसवलाय."

"म्हणजे?"

"माझ्या मनाने. माऊसने ओढून."

शेजारी उठून गेले. वहिनी दारातच उभी राहिली. मोबाइलवर फिल्म चालूच होती. रेणू आला, खाचेपाशी क्षणभर थांबला, आत बसला.

"मग मध्ये थांबवलास कशाला गं?" दादाने विचारलं. "मला वाटलं, जागा शोधतोय."

"छान दिसावं म्हणून."

दादाने मोबाइल वहिनीच्या हातात दिला.

"डॉक्टरांना लाव," तो म्हणाला.