एकाच डब्याची ऑर्डर

"वाम-भाताचा मोठा डबा, एकच. आणि काळजाचं सार. हिच्यासाठी," कात्सुहिरो म्हणाला. "मला अर्धा कप चहा पुरे."

नोबुएकाकूंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. ही भावंडं वडिलांचं बोट धरून या दुकानात यायची तेव्हापासून त्या दोघांना ओळखत होत्या. कात्सुहिरोचा चेहरा सुजकट झाला होता आणि बाहीखालून डाव्या हाताची फुगलेली शीर दिसत होती. 

"वेळ लागेल हं. आमचे हे आत्ताच कापायला घेतायत."

"लागू दे. घाईत खायची असती तर स्टेशनवरच खाल्ली असती."

काकू हसत पडद्याआड गेल्या. समोर बसलेल्या त्याच्या बहिणीला, इकुयोला, मात्र हसू आलं नाही. वाम ताजी कापायची, वाफवायची आणि मग निखाऱ्यावर भाजायची, तोवर जो वेळ जातो त्या वेळातच तिला बोलून टाकायचं होतं. इथे मिशिमाला येताना गाडीत तिने ते वाक्य मनातल्या मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन तीन वर्षं झाली होती. बायको त्याआधीच सोडून गेली होती. तो नुमाझुला एकटा राहायचा आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायचा. पाणी मोजून, मीठ जवळपास बंद. आई फार म्हातारी, म्हणजे किडनी द्यायची तर इकुयोनेच. वसंतात आईच्या घरी हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. "मी देते," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

मग तपासण्या झाल्या. सगळ्यांत ती उत्तम निघाली. आणि गेल्या आठवड्यात, शेवटच्या तपासणीला कमरेवर सोनोग्राफीचा गार चिकट लेप लावून ती पडलेली असताना, अचानक तिला स्वच्छ कळलं की आपल्याला द्यायची नाहीये.

कारण तिने खूप शोधलं. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. पाळणाघराच्या स्वयंपाकघरात तिला जड पातेली उचलावी लागत. आणि बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षांत दादा फक्त ओबोनच्या पितरांच्या सणाला आणि नववर्षाला तोंड दाखवायला यायचा. पण यातलं एकही कारण खरं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीला पुरून उरेल एवढी माया तिच्यापाशी नव्हती. हे कोणाला सांगायचं?

हॉस्पिटलात दात्यांशी बोलणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "अगदी आदल्या दिवशीही नाही म्हणता येतं. पेशंटला आम्ही एवढंच सांगतो की तपासणीत जमत नाही. कारण कोणालाही कळत नाही." इकुयोने ते लक्षात ठेवलं होतं.

पडद्याआडून, वाम फळीवर खिळवायचा टोचा ठोकल्याचा आवाज आला.

"हा ठोका ऐकला की तू कानात बोटं घालायचीस," कात्सुहिरो म्हणाला. "आणि डबा आला की सगळ्यात आधी माझ्या डब्यात हात."

"तू द्यायचास म्हणून."

"मी कसला देतोय. बाबा डोळे वटारायचे." त्याने चहाचा एक लहानसा घोट घेतला आणि कप लांब सरकवला. "घाबरलीस का?"

"कोण, मी?"

"मी तर घाबरलोय बुवा. काल रात्री धड झोप नाही." मग त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्यासमोर ठेवलं. मऊ सुती विणीचा, कमरेला बांधायचा पट्टा होता. "टाके पडल्यावर कपड्याची शिवण लागते म्हणे. दुकानात तीन बायकांना विचारून घेतला. रंग कसा आहे ते मला विचारू नकोस."

रंग फिका जांभळा होता. इकुयोने पट्ट्याला हात लावला नाही.

"पुढच्या वर्षी दोन डबे सांगू," तो म्हणाला. "तेव्हा माझ्या डब्याकडे बघायचं पण नाही."

आत हातपंखा फटफट वाजू लागला. निखाऱ्यावर चरबी टपकून चुरचुरली आणि गोडसर धूर पडद्याखालून बैठकीत आला. कात्सुहिरोने डोळे मिटून घेतले. सांग आता, इकुयो स्वतःला म्हणाली. पण डबा आला तरी तिने सांगितलं नव्हतं.

काकूंनी लाखेच्या डब्याचं झाकण काढलं. भातावर तांबूस तपकिरी वाम चकाकत होती. इकुयोने जिभेला तिरफळासारख्या मुंग्या आणणारी सान्शोची पूड भुरभुरली आणि एक घास तोंडात टाकला. दादा तिच्या चॉपस्टिक्सकडे बघत होता. 

"दादा, हॉस्पिटलातून फोन आला होता," ती म्हणाली. "माझी किडनी चालणार नाही. तपासणीत काहीतरी निघालं."

 ती त्याच्याकडे न बघता डब्याच्या कडेकडे बघत राहिली.

"काय निघालं?"

"नीट नाही सांगितलं."

"नीट नाही सांगितलं म्हणजे? लघवीतून प्रथिनं जातायत का? रक्तातलं क्रिएटिनिन किती?"

"मला नाही माहीत."

"इकुयो, पाय सुजतात का तुझे संध्याकाळी?" आणि त्याने हात लांबवून साराची वाटी तिच्यासमोरून उचलली. "हे नको. मीठ असतं यात. लोणचं पण ठेव." लोणच्याची बशी त्याने आपल्याकडे ओढली. सार त्याच्या बोटांवर सांडलं. "माझं असंच झालं. पाय सुजायचे, मी म्हटलं बूट घट्ट झाले. नवे बूट घेतले, एक नंबर मोठे. वर्षभर मी बूट बदलत बसलो, आणि तोवर सगळा कारभार आटोपला होता."

"दादा—"

"उद्या माझ्या डॉक्टरकडे यायचं. उद्याच. माझं राहू दे, मला मशीन आहे. तुझं लवकर कळलंय, औषधावर निभावेल." त्याने फोन काढला. नंबर दोनदा चुकला. "आईला एवढ्यात बोलू नकोस. दोन्ही पोरांचं ऐकून ती जागची उठायची नाही."

"ठेव तो फोन."

"वाजतोय, थांब."

इकुयोने पुढे झुकून फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

"माझ्या किडनीला काही झालेलं नाही. सगळं चांगलं आहे. मला द्यायची नाहीये, दादा."

नोबुएकाकू चहाची किटली घेऊन दोन पावलं आत आल्या आणि तशाच मागे फिरल्या.

"काही झालेलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याचे खांदे खाली आले आणि त्याने मोठा श्वास सोडला. तेवढा एक क्षण त्याचा चेहरा नुसता सुटल्यासारखा झाला. मग कानशिलं लाल होत गेली.

"मग ते तपासणीचं मला कशाला ऐकवलंस?"

"खरं सांगितलं तर तू रडशील असं वाटलं."

"बाबांच्या वेळचं उट्टं काढतेयस."

"तेच आहे का म्हणून मीही शोधलं. ते असतं तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं. मला भीती वाटते. एवढंच आहे."

"एवढंच. आईसमोर मोठ्या तोऱ्यात म्हणालीस तेव्हा नव्हती वाटत?"

"आईसमोर तुला नाही म्हणता आलं असतं?"

 तो उठला, बूट पायात अर्धवट अडकवून दाराबाहेर गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. दुकानाच्या कडेने झऱ्याचं पाणी वाहत होतं, त्याच्या काठाशी तो उभा होता. आता हा असाच निघून जाईल असं इकुयोला वाटलं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. डब्यातली वाफ विरली.

तो परत आला आणि समोर बसला. सार आणि लोणचं त्याने तिच्याकडे ढकललं.

"खा."

"नाही जात."

"तीन वर्षं मी नुसता वास आठवून काढलीत. टाकलेली वाम मला बघवणार नाही. खा."

तिने खाल्लं. चव कळत नव्हती. तो एक एक घास बघत होता, आणि रागाने बघतोय की कशाने, हे तिला समजत नव्हतं. शेवटचा भात तिने बोटाने गोळा करून खाल्ला.

"आईला मी सांगेन," तो म्हणाला. "मलाच नको झालं, असं सांगेन."

"तेही खोटंच आहे."

"ते माझं खोटं आहे. तू त्यात तोंड घालू नकोस."

बाहेर पडल्यावर तो बसथांब्याकडे वळला. दुपारी त्याची मशीनची वेळ होती. इकुयो थोडं अंतर ठेवून त्याच्या मागोमाग गेली.

"मी येऊ का सोबत? सुई टोचेपर्यंत थांबते."

"नको."

बस आली, तो चढला, आणि मागे वळून न बघता पुढच्या बाकावर जाऊन बसला.

किडनी मलाच नको, असं त्याने सांगितल्यावर आईने त्याला फोनवर हट्टी गाढव म्हटलं, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, आणि त्याने ते ऐकून घेतलं. इकुयोला त्याने शरद ऋतूभर फोन केला नाही. थंडी पडल्यावर एका शनिवारी ती न विचारताच नुमाझुच्या डायलिसिस सेंटरवर गेली. तो पलंगावर पडला होता, हाताला दोन नळ्या लावलेल्या. तिला पाहून त्याने तोंड टीव्हीकडे फिरवलं. तिने स्टूल ओढलं, कोट मांडीवर घेतला आणि मशीन थांबेपर्यंत बसली.  जा, असं तो म्हणाला नाही.