पाळण्यातला पाइप

मी एका जुन्या गाडीचा नवा धुराचा पाइप. म्हणजे बसवला तेव्हा नवा होतो. आता अंगावर चिखलाचे थर आहेत आणि शेपटाकडचे टोक काळवंडले आहे. मला गाडीच्या मूळ कंपनीने घडवलेले नाही. माझा जन्म दुसऱ्याच कारखान्यात झाला. तिथे पोलादी पत्रा गुंडाळून त्याच्या कडा जोडल्या आणि मग मला तीन ठिकाणी वाकवले. मित्रांनो, ते वाक शोभेचे नाहीत. मागच्या चाकांच्या दांड्याला न घासता मला वाट काढता यावी, म्हणून ते असतात. इंजिनाचा विषारी धूर माणसांपासून दूर नेऊन सोडायचा, हे माझे काम. मला छाती नाही, तरी ते मी चोख करतो, असे छाती ठोकून सांगतो.

ज्या घरी मी आलो, तिथल्या सूनबाई गाणे शिकवतात. त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला ही गाडीच हवी होती आणि तिचा जुना पाइप गंजून गळून पडला होता. मला बसवायला सूनबाईंचा धाकटा भाऊ आला. तो नळकाम करतो. पाइप म्हटला की तो आपलाच, असा त्याचा हिशोब.

त्याने अंगणात गाडी उचलून भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवली. तो खाली शिरला आणि त्याने खोके उघडले. माझ्याबरोबर रबराच्या जाड कड्या होत्या. त्या पाहून तो हसला.

"पाइप रबरावर टांगायचा? हा काय पाळणा आहे?"

सासूबाई खुर्चीवर बसून सगळे पाहत होत्या. "अरे, दिल्या आहेत म्हणजे लागत असतील," त्या म्हणाल्या.

"मावशी, आजवर माझा एक पाइप हललेला नाही."

ते खरेच होते. त्याने भिंतींवर बसवलेले पाण्याचे पाइप जागचे हलत नाहीत. त्याच अभिमानाने त्याने कड्या बाजूला टाकल्या आणि लोखंडी पट्ट्यांनी मला गाडीच्या तळाशी आवळून टाकले. पाहणाऱ्याला काम देखणे वाटले असते.

पण मी पाण्याचा पाइप नाही. इंजिन सुरू होताना थरथरते, आणि ती थरथर माझ्यापर्यंत येते. शिवाय मी तापलो की लांब होतो. दीड मीटरचा मी पाचेक मिलिमीटरने वाढतो. टांगलेला असतो तर डोललो असतो, सरकलो असतो. बांधलेल्याने काय करावे? सगळा ताण पुढच्या जोडावर गेला. तिथले गॅस्केट, म्हणजे दोन तोंडांमधली चकती, चिरले आणि फट पडली. ती फट नेमकी मागच्या सीटखाली होती. तिथल्या पत्र्यातल्या छिद्राचे रबरी बूच कधीच पडून गेले होते. धुराला आयती वाट मिळाली.

मागच्या सीटवर कोण बसायचे? सासूबाई. थंडी वाजते म्हणून काच बंद करून. पुढे सूनबाईंची खिडकी उघडी असे, त्यांना काही जाणवत नसे. सासूबाईंचे मात्र डोके दुखू लागले, मळमळू लागले. "मी नाही येत गाडीतून," त्या म्हणाल्या.

"आईला व्यायामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही," त्यांचा मुलगा म्हणाला.

"डोकं माझं, आणि दुखतं की नाही ते तू सांगणार?"

सूनबाईंनाही ते बहाणेच वाटत होते. मग एकदा दवाखान्यापाशी उतरताना सासूबाईंचा तोल गेला. चेहरा पांढराफटक. मोकळ्या हवेत बाकावर बसल्यावर त्या हळूहळू सावरल्या. तेव्हा सूनबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: गाडीत धूर शिरतो आहे. त्यांनी सासूबाईंना आत डॉक्टरांकडे नेले, सगळे सांगितले, आणि गाडी तिथेच सोडून दुसऱ्या वाहनाने त्यांना घरी आणले. माझी गाडी दोरीने ओढत अंगणात आली.

"गाडी थंड असताना टिकटिक येते, तापली की थांबते," सूनबाईंनी भावाला सांगितले. "आणि वेग वाढवला की टिकटिक पण जलद होते."

"ताई, तू गाडीतपण ताल धरून बसतेस?"

"चेष्टा पुरे. खाली जा आणि बघ."

थंड पोलाद आखडते, फट उघडते आणि धूर ठोके देत निसटतो. तापल्यावर फट दबते, पण मिटत नाही. आवाज थांबला म्हणून गळती थांबली असे नसते, मित्रांनो.

गळती शोधणे मात्र भावाच्या हातचा मळ. बंद इंजिनाच्या गाडीखाली तो शिरला. फुंकणारे यंत्र माझ्या मागच्या टोकाला लावून त्याने आत हवा सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी चोपडले. मागचे जोड गप्प राहिले. पुढच्यावर बुडबुड्यांचा फेस आला. तो फेस सीटच्या बरोबर खाली आहे, हे त्याने पाहिले. मग तो बाहेर आला आणि थेट सासूबाईंच्या खुर्चीपाशी गेला.

"मावशी, तुमचं डोकं खरंच दुखत होतं."

"ते मला माहीत होतं. तुला कळलं, ते बरं झालं. आता तो पाळणा लाव."

त्याने पट्ट्या कापल्या. नवे गॅस्केट घातले, छिद्राला बूच बसवले. या वेळी मला कड्यांवर टांगून, सगळे जोड सैल ठेवून, मी कुठे घासत नाही ना ते पाहिले आणि मगच पुढून मागे एकेक बोल्ट आवळला. पुन्हा साबण लावला. एकही बुडबुडा आला नाही. शेवटी हाताने मला ढकलून पाहिले. मी डोललो. तो पहिल्यांदाच हलणाऱ्या पाइपावर खूश झाला.

त्या दिवसापासून माझा जोड चिरलेला नाही. पण रबर माझ्याआधी थकते, म्हणून वर्षातून एकदा तरी गाडीखाली डोकावून माझ्या कड्या बघा. टिकटिक ऐकू आली तर रेडिओचा आवाज वाढवू नका. आणि मागच्या सीटवरून कोणी म्हणाले, "डोकं दुखतंय," तर आधी गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. बहाणा आहे का, ते नंतर ठरवा.

परवा सासूबाई मागे बसल्या, काच वर केली आणि दवाखाना येईपर्यंत गप्प होत्या. सूनबाईंनी काळजीने विचारले, "आई, डोकं कसं आहे?"

"उत्तम आहे," सासूबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "म्हणजे आता व्यायाम करावाच लागणार."