पायऱ्यांवरचं गॅरेज

तुम्ही खोटं बोललात, पास्टर. माझ्याच घरात उभं राहून, माझ्या हातची कॉफी पीत बोललात. आणि आपण खोटं बोलतोय हे कळावं, इतका दम तेव्हा पायऱ्या चढून तुम्हाला लागलेला होता.

"शटर दिसू दे, जमिनीवरचे पट्टे दिसू देत," फोनवर व्हिडिओ काढत उभ्या असलेल्या तुमच्या बायकोला तुम्ही सांगत होतात. "भाऊ जेनिवाल, असे मधे या. इथे गाडी उभी आहे. उघडा दार!"

माझ्या नवऱ्याने नसलेल्या गाडीचं दार हवेतच उघडलं. सिमेंटने फुटलेल्या बोटांनी हवेतलं हँडल धरलं आणि ओढलं. तुम्ही "आमेन" म्हणालात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचं घर रेसिफे शहरातल्या टेकडीवर, पायऱ्यांच्या गल्लीत आहे. डांबरी रस्ता खाली पावाच्या दुकानापाशी संपतो. तिथून वर सगळ्या पायऱ्या. आमचा फ्रिज चार जणांच्या पाठीवरून आला. गॅसची टाकी खांद्यावरून येते, आणि मेलेलं माणूस खाली जातं तेही खांद्यावरूनच. अशा गल्लीच्या मध्यावर माझ्या नवऱ्याने गाडीसाठी गॅरेज बांधलं. तुमच्या सांगण्यावरून.

"आपण राजाची लेकरं," असं तुम्ही दर रविवारी माईकवरून ओरडता. "राजाची लेकरं बसच्या दांड्याला लोंबकळत नाहीत! मागा, पण आधी जागा करा. जागाच केली नाहीत तर देव ठेवील कुठे?" ते ऐकून मंडळीतल्या आमच्या नेउझाने अर्धं कपाट रिकामं केलं, होणाऱ्या नवऱ्याच्या शर्टांसाठी. ते निदान कपाट होतं. जेनिवालने घराची पुढची खोली पाडली.

त्या खोलीत माझ्या सासूबाई राहायच्या. गल्ली त्यांना मानाने दोना कितेरिया म्हणते. साखरेच्या आजाराने त्यांचा एक पाय गेला, तेव्हापासून त्या खिडकीला चाकाची खुर्ची लावून बसायच्या. वर जाणारा, खाली येणारा प्रत्येक माणूस त्या खिडकीपाशी थांबायचा. मासेवाला तिथे टोपली टेकवायचा आणि शिव्या खाऊनच पुढे जायचा.

"कालचा मासा तुझ्या आजोबांच्या वयाचा होता रे!"

"मग मान द्यायचात ना त्याला, दोना कितेरिया!"

खिडकी गेली. आईंची रवानगी मागच्या खोलीत झाली, पाण्याच्या टाकीला लागून. तिथल्या भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पंधरवड्यात त्यांची छाती वाजायला लागली.

मी भांडले. रोज भांडले.

"अरे, पायऱ्यांवरून गाडी चढणार आहे का?"

"कशी चढेल ते आपण विचारायचं नाही. रस्ता देव करील."

"देव करील? नगरपालिकेला जमलं नाही ते?"

"लिंदिनाल्वा, अशा तोंडामुळेच आशीर्वाद अडतो." हे त्याचं वाक्य नव्हे, तुमचं. मी ओळखते.

पण काम त्याने असं केलं की बघत राहावं. ओळंबा लावून लावून भिंती उभ्या केल्या. तेल सांडलं तर वाहून जावं म्हणून जमिनीला उतार दिला, कडेला पन्हळ काढली. चाकं कुठवर यावीत ते कळायला पांढरे पट्टे ओढले. शटरला वंगण घातलं. गॅरेज तयार झालं आणि रिकामं राहिलं. मग मीच एका सकाळी आईंची खुर्ची ढकलत पट्ट्यांच्या मधोमध नेली आणि शटर वर केलं. वारा आला. मासेवाला थांबला. "दोना कितेरिया, तुमचं मॉडेल कुठल्या सालचं?" आई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

जेनिवालने पाहिलं आणि थापीची पिशवी उचलून कामाला गेला. मला वाटलं, निभलं.

आणि मग तुम्ही आलात, तेलाची बाटली घेऊन, जागेला अभिषेक करायला.

"ह्या कोण?"

"माझी आई," जेनिवाल म्हणाला.

"त्या इथे का?"

"हवेसाठी, पास्टर. त्यांची छाती..."

तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. किती प्रेमाने! "भाऊ, ही जागा तुम्ही परमेश्वरासाठी वेगळी काढलीत. तिथे दुसरं काही ठेवणं म्हणजे त्याला सांगणं की तू देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मग तो का देईल?"

*दुसरं काही.* आईंना तुम्ही दुसरं काही म्हणालात.

जेनिवालने वाकून आईला उचललं. त्याच्या हातांवरूनच त्या म्हणाल्या, "पोरा, राजाचा खरा मुलगा गोठ्यात जन्मला. शहरात शिरला तो उसनं मागून आणलेल्या गाढवावर. त्याची जागा कुणी करून ठेवली होती रे?"

"आई, गप्प बस गं."

"बसते की. बसायला जागा कुठे देतोस तेवढं सांग."

तो त्यांना मागे घेऊन गेला. तुम्ही कॉफी मागितलीत, आणि तुमच्या बायकोने फोन काढला.

त्याच दुपारी मी गॅरेजात गेले, आता सोडायचा नाही असं ठरवून. तो पट्ट्यांच्या मधे जमिनीवर बसला होता, पायऱ्यांकडे बघत.

"खरं सांग. इथे गाडी येईल असं वाटतं तुला?"

तो बोटाने पन्हळ साफ करायला लागला. "मी गवंडी आहे, लिंदा. पायरी म्हणजे काय ते मला कळतं."

"मग?"

"आयुष्यभर लोकांची गॅरेजं बांधली. त्यांच्या गाड्यांना सावली केली आणि बसथांब्यावर उन्हात उभा राहिलो. पास्टर म्हणाले, तूही माग. मला मागायलासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं गं आजवर."

मी त्याच्या शेजारी पट्ट्यावर बसले.

"मग आईला आण ना पुढे."

"सगळ्या मंडळीने तो व्हिडिओ पाहिलाय," तो म्हणाला. "आता तिला तिथे बसवलं तर मी प्रभूला नाही म्हटल्यासारखं होईल. तिचं काही बरंवाईट झालं तर म्हणतील, ह्याचाच विश्वास कमी पडला."

आता आमचं असं चालतं. तो कामावर गेला की मी शटर वर करते आणि आईंना पट्ट्यांच्या मधे आणते. संध्याकाळी तो खालच्या वळणावर थांबतो. मी आईंना आत नेऊन शटर ओढलं की त्याचा आवाज खाली जातो, मग तो वर येतो. आई बाहेर होत्या हे त्याला माहीत असतं. त्याला माहीत आहे हे आईंना माहीत असतं. कधी आई म्हणतात, "थोडं थांब गं, ऊन जाऊ दे," तेव्हा माझा नवरा, आख्खा दिवस विटा उचललेला माणूस, वळणावर थापीची पिशवी खांद्याला लावून उभाच राहतो.

येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायची पाळी माझी आहे. माईक माझ्या हातात असेल. मी तुम्हाला एकच विचारणार आहे, आणि आधीच सांगून ठेवते, म्हणजे प्रार्थना करून उत्तर शोधायला वेळ मिळेल.

त्या दिवशी तुमची चकचकीत गाडी तुम्ही खाली पावाच्या दुकानापाशी लावलीत. मग पायऱ्या चढलात, दोनदा थांबलात, रुमालाने मान पुसलीत. आमच्या दारात आलात तेव्हा दम लागून तुम्हाला बोलवत नव्हतं. इथे गाडी येणार नाही, हे तुम्हाला कुठल्या पायरीवर कळलं, पास्टर? आणि ते कळल्यावरसुद्धा माझ्या सासूबाईंना तिथून का उठवलंत?

उत्तर द्या.