मालनवहिनीच्या पांढऱ्या पेशी

माझी वहिनी मालन कळवणकडची. १९७६ साली लग्न होऊन ती आमच्या आनंदवल्लीच्या घरात आली, आणि सून कामालाही खमकी आहे आणि तोंडालाही, हे आमच्या आईच्या पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं. आमची दीड एकर बागाईत होती. गुलाब, शेवंती, झेंडू. माझा दादा, सहादू, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता, त्यामुळे फुलांचं सगळं आम्हा तिघी बायकांवर. मी तेव्हा कॉलेजात जात होते, म्हणजे खरं तर अडीच बायकांवर.

१९७९च्या दसऱ्याच्या हंगामात वहिनी सकाळी उठली की तिच्या हाताची बोटं मिटेनात. मिटली तर उघडेनात. शेवंती तोडायला वाकायची आणि देठ बोटांतून निसटायचा. ऊन वर आलं की जरा मोकळं व्हायचं. आज मनगट सुजायचं, परवा गुडघा. अंगात कणकण असायची. आणि दोन्ही गालांवर, नाकाच्या वरून आडवा, लालभडक पट्टा उठला होता. फुलबाजारात एका गिऱ्हाइकिणीने विचारलं, "काय गं, गालाला रंग लावतेस का?"

"व्हय," वहिनी म्हणाली, "गुलाबाचा निघतो. तुला देऊ का पावशेर?"

घरी मात्र ती केस विंचरताना फणीत आलेला पुंजका बघत बसायची. तो पुंजका ती मला दिसू नये म्हणून लुगड्याच्या ओच्यात टाकायची. मला दिसायचा.

उपाय सुरू झाले. बाम झाला, वाळूचा शेक झाला, दिंडोरीच्या एका बाबाचं काळं तेल झालं. आईने नजर उतरवली. चुलीत मिरच्या टाकल्या तेव्हा खोकून खोकून आम्ही सगळे अंगणात पळालो. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "आत्याबाई, नजर गेली असंल, पन तिच्यासंगं आपन बी चाललो व्हतो."

शेवटी दादाने कारखान्याच्या विम्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून तिला डॉक्टर रहाळकरांकडे पाठवलं. ते बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ. वहिनीने सुजलेले हात पुढे केले, पण ते बराच वेळ तिच्या तोंडाकडेच बघत राहिले. वहिनीने पदर सावरला.

"उन्हात गेलात की हा लाल पट्टा वाढतो?" त्यांनी विचारलं.

"वाढतो ना. झेंडूत उभी राहिले तर कुठला झेंडू नि कुठली मी, कळत नाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आम्हाला अशोकस्तंभाजवळ डॉक्टर कुमुद गायधनींच्या लॅबोरेटरीत जायला सांगितलं. रक्तात एक खास पेशी सापडते का ते बघायचं होतं.

गायधनीबाई चाळिशीच्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात शेंगदाणे. त्यांनी वहिनीच्या दंडातून रक्त काढलं, काचेच्या नळीत गोठायला ठेवलं. मग ती गुठळी बारीक जाळीतून चोळून काढली.

"खरवस करता का काय बाई?" वहिनीने विचारलं.

"तसंच काहीसं. जरा रगडलं की पेशी फुटतात. मग बाकीच्या त्यांचं काय करतात ते आपण बघायचं."

त्या दिवशी काही सापडलं नाही. मला वाटलं सुटलो. पण बाई म्हणाल्या, एकदा दिसली नाही म्हणजे नाहीच, असं या तपासणीत म्हणता येत नाही, पुन्हा या. वहिनी परतताना रिक्षात बोटं चोळत होती. मग म्हणाली, "अंबूताई, सापडलं तर वाईट आनि नाय सापडलं तर बी वाईट. हे कसलं?"

दुसऱ्या खेपेला बाई काचपट्टी लावून मायक्रोस्कोपच्या नळीवर इतका वेळ वाकून बसल्या होत्या की वहिनीने त्यांच्या टेबलावरची धूळ पुसून काढली. एकदम बाई म्हणाल्या, "आहे." त्यांचा आवाज आनंदाचा होता. लगेच त्यांनी तो आवरला. मग आम्हाला म्हणाल्या, "बघायचंय?"

आधी वहिनीने डोळा लावला. बाईंनी तिला कुठला डोळा मिटायचा ते शिकवलं. मग ती म्हणाली, "ही बया पोटुशी हाय का?"

मीही बघितलं. गुलाबी पाण्यात ठिपके ठिपके होते. मधेमधे फिकट पेशी, प्रत्येकीत जांभळ्या रंगाच्या तीन-चार पाकळ्या दोऱ्याने जोडल्यासारख्या. पण मधल्या एका पेशीत त्या पाकळ्या कडेला चेपल्या गेल्या होत्या आणि पोटात एक मोठा, गुळगुळीत, जांभळा गोळा होता. खरंच पोटुशी दिसत होती.

"पोटुशी नाही, तिने गिळलंय," गायधनीबाई म्हणाल्या. "ही पांढरी पेशी. न्यूट्रोफिल म्हणतात. तुम्हाला गुलाबाचा काटा रुतला की पू होतो ना?"

"व्हतो की. दर आठवड्याला."

"तो पू म्हणजे बहुतेक ह्याच. काट्याबरोबर जंतू शिरले की ह्या धावत जातात, जंतू गिळतात आणि मरतात. पोटात जहाल रस असतात, त्याने जंतू विरघळतात. चांगलं काम करतात बिचाऱ्या. पण तुमच्या रक्तात काहीतरी बिघडलंय. तुमच्याच पेशींच्या गाभ्याला तुमचंच शरीर शत्रू समजतंय. तसा शिक्का त्या गाभ्यावर बसतो, आणि शिक्का दिसला की ह्या गिळतात. हा गोळा म्हणजे तुमच्याच दुसऱ्या पेशीचा गाभा आहे."

"आनि माझी बोटं?"

"सांध्यांतही तसेच शिक्के साचतात. ह्या तिथे जमतात, गिळायला जातात आणि त्यांचे रस बाहेर सांडतात. म्हणून सूज, म्हणून दुखणं."

वहिनीने पुन्हा एकदा डोळा लावला. "म्हंजे हिची काय चूक नाय," ती म्हणाली. "हिला कोनीतरी चुकीचं सांगितलंय."

बाईंनी तिला मूठभर शेंगदाणे दिले.

रहाळकरांनी रोगाचं नाव ल्युपस सांगितलं आणि दादाने खोदून विचारल्यावर त्याचा अर्थ लांडगा हेही सांगितलं. जन्मभर राहील, पण दाबून ठेवता येईल, असं म्हणाले. एक मलेरियाची गोळी दिली, कडू जहर, आणि दुसरी प्रेडनिसोलोन नावाची. "ही दुसरी गोळी मनाने बंद करायची नाही. कितीही बरं वाटलं तरी. आणि उन्हात जायचं नाही."

"साहेब, फुलं काय सावलीत येतात?"

"फुलं उन्हात राहू देत. तुम्ही सावलीत या."

त्या गोळीने जादू केली. आठवड्याभरात वहिनीच्या बोटांनी सुई धरली. ती गाणी म्हणत गजरे करू लागली. भूक तर अशी लागायची की दादाच्या डब्यासाठी केलेली भाकरी ती तिथेच चुलीपुढे बसून संपवायची. दिवाळी उलटून संक्रांत आली तोपर्यंत तिचं तोंड चांगलं गरगरीत गोल झालं होतं, आणि पोटही जरा सुटलं होतं.

इथे घोटाळा झाला. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती. शेजारच्या चिमणाबाईने आईला कोपराने ढोसून विचारलं, "ठमाबाई, गोड बातमी लपवून ठेवता व्हय?" आईने सुनेकडे नीट बघितलं आणि तिचं तोंड उजळलं. विचारायचं कसं म्हणून तिने विचारलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून घागर आई उचलू लागली, भांडी आई घासू लागली, वहिनीच्या ताटात तुपाचा गोळा पडू लागला.

मला कळलं तेव्हा मी वहिनीला म्हटलं, "अगं, सांग ना आईला!"

"सांगते की," वहिनी तूप चाटत म्हणाली. "जरा चार दिस जाऊ दे. लय दिसांनी कोनीतरी माझी भांडी घासतंय."

चार दिवसांचे बरेच दिवस झाले. मग एका संध्याकाळी आई हिरव्या बांगड्या आणि हिरवं लुगडं घेऊन आली आणि म्हणाली, कळवणला निरोप धाडलाय, डोहाळजेवणाला सगळी येतील. वहिनीचा चेहरा पडला. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. मूल नाही, गोळ्यांची सूज आहे.

आईने लुगडं घडी मोडू न देता ट्रंकेत ठेवलं. रात्री जेवताना मात्र म्हणाली, "पोरीचं रूप घालवलं त्या गोळ्यांनी. पोट फुगवलं, गालावर लव आली. औषध म्हनं!"

वहिनीला हे लागलं. गालावरच्या लवेचं तर फारच लागलं. तिने कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. मलेरियाची ठेवली, कारण ती कडू होती आणि कडू तेच खरं औषध असं तिचं मत होतं.

पुढच्या आठवड्यात ती भर दुपारी गुलाबांच्या ताटव्यात कोसळली. अंग भट्टीसारखं तापलेलं, श्वास घेतला की छातीत कळ येत होती, डोळे उघडत नव्हते. दादा कामावर होता. मी धावत जाऊन निवृत्तीभाऊंना बोलावलं. ते सगळ्या वाडीची फुलं टेम्पोने बाजारात न्यायचे. त्या दिवशीचा माल भरून झाला होता. आम्ही वहिनीला उचलून मागे झेंडूच्या पोत्यांमध्ये आडवी केली. पोत्यांतून ओघळलेल्या फुलांनी तिचं अंग झाकलं. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

गंगापूर रोडला लागल्यावर वहिनीने डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं.

"निवृत्तीभाऊ," ती अडखळत म्हणाली, "ही फुलं आधी बाजूला करा. लोकान्ला वाटंल पोचवायला चाललेत."

आईला रडू आणि हसू एकदमच फुटलं. "गप बस गं भवाने," ती म्हणाली आणि एकेक फूल वेचून बाजूला टाकू लागली.

दवाखान्यात वहिनीला सुईवाटे औषध दिलं. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. दोन दिवस रहाळकरांनी आम्हाला काही खात्रीने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि वहिनीने पिठलं मागितलं. त्यानंतर डॉक्टरांनी तिला असं झापलं की शेजारच्या खाटेवरची बाईही उठून बसली. मनाने गोळी बंद केली की शरीराला आधार राहत नाही, जीव जाऊ शकतो, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. वहिनी मान खाली घालून ऐकत होती. आई मात्र भिंतीला टेकून उभी होती, आणि झापणं आपल्यालाच चाललंय अशी ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "मला त्या चष्म्यावाल्या बाईकडं ने."

गायधनीबाईंनी वहिनीची ती काचपट्टी जपून ठेवली होती. शिकाऊ मुलांना दाखवायला उपयोगी पडते, म्हणाल्या. आईने आयुष्यात पहिल्यांदा नळीला डोळा लावला. तिला नीट दिसायला वेळ लागला. दिसल्यावर ती मागे सरकली आणि पुन्हा वाकली.

"हेच का माझ्या सुनंला खातंय?"

"हेच. पण हे तिचंच आहे, आजी. बाहेरून कोणी काही केलेलं नाही."

"आनि त्या गोळ्या?"

"ह्यांना दमात ठेवतात. तोंड सुजतं हे खरंय. हळूहळू गोळी कमी करतील तसं तोंडही उतरेल."

आई उठली. दारात गेल्यावर तिने वळून विचारलं, "बाई, मूल व्हईल का हो तिला?"

गायधनीबाईंनी चष्मा काढून पुसला. "दुखणं बराच काळ शांत राहिलं, तर होऊ शकतं. घाई करू नका."

त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा आईने ताब्यात घेतला. सकाळी चहाच्या आधी ती वहिनीच्या हातावर गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. फुलं तोडायचं काम आईने आणि मी उजाडायच्या आत उरकायचं ठरवलं. आणि दादाने कारखान्यातल्या दोस्तांना हाताशी धरून सातपूरच्या बसथांब्याजवळ पत्र्याचा एक गाळा उभा केला. तिथे सावलीत बसून वहिनी हार करायची. कारखान्यांत दसऱ्याला यंत्रांची पूजा असे, कोणी ना कोणी रिटायर होत असे, कोणाच्या पोराचं लग्न निघे. गाळ्यावर गर्दी असायची. पाळी सुटली की कामगार उगाच थांबायचे, कारण वहिनीकडे प्रत्येकासाठी काहीतरी बोलणं असायचं. एक सुपरवायझर तर हार न घेता नुसता शिव्या ऐकायला येतो, असं दादा म्हणायचा.

दुखणं गेलं नाही. पावसाळ्यात डोकं वर काढायचं, एकदा लघवीची तपासणी बिघडली आणि गोळ्या वाढवाव्या लागल्या. पण हळूहळू ते निवत गेलं. तोंड उतरलं. १९८४ साली रहाळकर स्वतःहून म्हणाले, आता मूल व्हायला हरकत नाही, पण दर महिन्याला मला दिसत जा.

वहिनीला दिवस गेल्यापासून बाळंतपणापर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. आईने चिमणाबाईला सातव्या महिन्यापर्यंत पत्ता लागू दिला नाही. वहिनीचे पाय सुजले की दादाचं जेवण जायचं. एकदा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी तिला आठवडाभर दवाखान्यातच ठेवून घेतलं.

८५च्या फेब्रुवारीत, दिवस पुरे व्हायच्या जरा आधीच, मुलगी झाली. एवढीशी, लालबुंद आणि भयंकर रडकी. मी आत गेले तेव्हा वहिनी थकून पांढरीफटक पडली होती.

"बघितलं का अंबूताई," ती म्हणाली, "वांग्याएवढी हाय, पन आवाज बघा."

आई बाहेरच्या बाकावर बसली होती. नर्सने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आईने आधी तिचे दोन्ही गाल बोटाने हळूच चाचपले, तो पट्टा कुठे दिसतो का म्हणून उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा बघितले. मग पदराच्या टोकाने तिचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "जा, तुझ्या दादाला फोन लाव कारखान्यात. म्हनावं, यंत्र बंद कर आनि ये."