घडीची कड

डॉक्टरबाईंनी शेवटची काच यंत्राच्या खोबणीत सरकवली आणि घामेजलेले हात एप्रनला पुसले. आधीच्या काचा घालताना त्यांना घाम आला नव्हता.

प्रयोगशाळेला रंगवलेल्या पेशींच्या काचा वाचणारी संगणकप्रणाली घ्यायची होती. दोन प्रणाली चाचणीला आल्या होत्या. दोघींना काचा त्याच; एकमत झालं तर ठीक, नाहीतर बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहून निवाडा करायचा, असं ठरलं होतं. आधीच्या सगळ्या काचांवर दोघींचं एकमत झालं होतं.

या काचेवर नुसता आकडा होता. तिच्यावर धाकट्या बहिणीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आहे, हे फक्त बाईंना ठाऊक होतं. आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही, हा इथला नेम. बाईंना तो मोडायची हौस नव्हतीच. दुसऱ्या डॉक्टरकडे दिली असती, तर त्याचा चेहरा बघत बसावं लागलं असतं. यंत्राला चेहरा नसतो. म्हणून त्यांनी ती गुपचूप चाचणीत घातली. दोन्ही यंत्रं निर्धोक म्हणतील आणि आपण सुटू, असा शहाण्या बाईचा वेडा हिशेब.

सकाळी बहीण फोनवर म्हणाली होती, "ताई, चांगलं असलं तर फोनवरच सांग. तू घरी आलीस की मी समजून जाईन."

पहिल्या पडद्यावर हिरवी खूण उमटली. बाईंना जरा हायसं वाटलं. मग दुसऱ्यावर लाल वर्तुळ आलं.

"एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "बघा बाई, कोण थापा मारतंय."

ही माझ्या बहिणीची काच आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण बाई काच घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या.

वर्तुळाच्या मधोमध तुकड्याला घडी पडली होती. काच तयार करताना अशी घडी पडली की तिथे रंग दुप्पट बसतो आणि यंत्र फसतं. हे तर नवशिक्यांनाही ठाऊक असतं. बाईंना हसू आलं, डोळे भरून आले. दुसरी प्रणाली बाद, असं सांगायला त्यांनी मान वर केली.

हात मात्र सवयीचा गुलाम. त्यानं काच केसभर पुढे सरकवली, आणि बाईंनी पुन्हा डोळा लावला. घडीच्या कडेला, वर्तुळाच्या आतच, पेशी रांग मोडून दाटीवाटीनं शिरल्या होत्या. त्यांनी भिंग बदललं. पुन्हा पाहिलं.

"दुसरी घ्या," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं, असं म्हणत साहेब कागदावर सही करायला गेले.

पर्समधला फोन मघापासून थरथरत होता. बाईंनी जिन्यात येऊन तो उचलला.

"घरीच आहेस ना गं?" त्यांनी विचारलं. "येते मी."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"ये," बहीण म्हणाली. "पण जेवायला थांब हं, ताई."