शेवंताचं पुढे काय झालं

पहिल्या पुस्तकाबद्दल मी लिहिलं होतं, 'नायिका चारशे पानं रडते. दोनशेत भागलं असतं.' दुसऱ्याबद्दल, 'लेखकाला घरी नीट जेवायला मिळत नसावं, पानोपानी जेवणावळी आहेत.' तिसरं एका मोठ्या माणसाचं आत्मचरित्र होतं. त्यावर एवढंच लिहिलं, 'बायकोचं नाव एकशेदहाव्या पानावर येतं.'

कुमुदने कपाळाला हात लावला. "सुमित्रा, जरा सौम्य लिही गं. लोक वाचतात."

"प्रामाणिक अभिप्राय लिहा, असं तूच चिठ्ठीवर छापून घेतलंयस," मी म्हटलं. "सौम्य हवा होता तर तसं छापायचं होतंस."

कुमुद आमच्या लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळते. वाचनालय म्हणजे दोन गोदरेजची कपाटं आणि एक सतरंजी. घरोघरी केबल आली आणि त्या कपाटांकडे कुणी फिरकेना. तेव्हा पंच्याण्णवच्या जानेवारीत तिने टूम काढली. वर्षात बारा पुस्तकं वाचायची आणि प्रत्येक पुस्तकामागच्या पाकिटात अभिप्रायाची चिठ्ठी टाकायची. आधी तिने याला 'वाचनपैज' म्हटलं होतं. पण आमच्या अक्षयानेच, माझ्या पोटच्या पोरीने, "आई, पैज म्हणजे?" असं विचारलं, तेव्हा कुमुदने मुकाट्याने 'वाचन-चॅलेंज' करून टाकलं. जन्म दिल्लीतला, आता सासर फरीदाबादचं, तिला तरी काय बोलणार?

आठ पुस्तकं माझी धडाक्यात झाली. नववं होतं अ-११७. त्याला नाव नव्हतं. पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली, बऱ्याच पुस्तकांची पहिली पानं तिने फस्त केली, आणि कुमुदने ती सगळी जवळच्या कोटल्यातल्या एका बाइंडरकडे शिवायला दिली. ती एकसारख्या निळ्या पुठ्ठ्यात परत आली, वर नुसता नंबर. आपण कुणाचं पुस्तक वाचतोय हे न कळता वाचायचं, मला तर ते आवडलंच. नाव बघितलं की माणूस आधीच माना डोलवायला लागतो.

गोष्ट शेवंता नावाच्या एका मास्तरणीची होती. चांगली खमकी बाई. भावाशी भांडून, ट्रंक घेऊन ती बंदरावर येते आणि बोटीची वाट बघत उभी राहते. इथे एकशे अठ्ठाविसावं पान संपतं. पान उलटलं तर कोणी विठ्ठल नावाचा माणूस लाकडाच्या वखारीत बसलाय आणि त्याची कोर्टात केस चालू आहे. मी म्हटलं, ठीक आहे, येईल शेवंता मागून. पन्नास पानं झाली, शंभर झाली. विठ्ठल केस हरला, वखार विकली, काशीला गेला, पुस्तक संपलं. शेवंता आपली बंदरावर उभी ती उभीच.

मी परत वाचलं. वाटलं, आजकालच्या कादंबऱ्या अशाच असतात, अर्धं आपण समजून घ्यायचं. मग वाटलं, दुपारी वाचते, डोळा लागत असेल, म्हणून सकाळी वाचलं. मधूनच अक्षरं जाड दिसायला लागत, म्हणून चष्मा तपासून घेतला. नंबर होता तोच निघाला.

तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा मात्र मी घाबरले. कारण माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. लोकांना वाटतं, म्हातारी माणसं विसरतात. आई विसरत नव्हती, ती जोडायची. गोष्टीचा धागा कुठे सुटला की तिथे स्वतःचा लावायची, आणि इतका बेमालूम लावायची की आम्हा भावंडांना दोन वर्षं पत्ता लागला नाही. नंतर तिने मला ओळखलं नाही. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. मी सत्तावन्नची आहे.

पाकिटातल्या बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. सहा जणांनी माझ्याआधी पुस्तक वाचलं होतं. 'मनाला चटका लावणारी कादंबरी.' 'ओघवती भाषा.' 'शेवट विशेष भावला' हे खुद्द कुमुदचं. सगळ्यांना समजलं होतं, मलाच काय ते समजलं नव्हतं. आणि सहावी चिठ्ठी आमच्या यांची होती, सरकारी टिपणी लिहावी तशा अक्षरात, 'वाचले. शेवंताचे पुढे चांगले झाले हे पाहून समाधान वाटले. खंडेराव.'

म्हणजे शेवंता पुढे आहे. मला दिसत नाहीये.

हे गॅलरीत फुटपट्टी लावून एकेक ओळ वाचतात, ते मी स्वतः पंधरा दिवस बघितलं होतं. संध्याकाळी चहा देताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "अहो, त्या शेवंताचं पुढे काय होतं हो?"

"अगं, त्या वखारवाल्याशी लग्न नाही का करत ती?" हे म्हणाले. "बंदरावर तिची ट्रंक तोच उचलतो. छान आहे तो प्रसंग. झोप येत असताना वाचतेस तू."

मी चौथ्यांदा पुस्तक काढलं. ट्रंक उचललेली काही सापडेना. मी कुणापाशी बोलले नाही. अक्षयाचा फोन यायचा, तेव्हा आधी मनातल्या मनात तिच्या मुलांची नावं म्हणून घ्यायची आणि मगच बोलायची. गॅस दोनदा बघायची. यांच्यावर खेकसणं तेवढं वाढलं. हे येत्या मार्चमध्ये रिटायर व्हायचे, आणि त्याआधीच यांचं लक्ष उडालेलं. एकदा ऑफिसला म्हणून निघाले ते सहा वर्षांपूर्वीच्या जुन्या ऑफिसच्या इमारतीत जाऊन आले. एकदा मदर डेअरीची टोकनं देवापुढे ठेवून हात जोडले. मी म्हटलं, "अहो, दूध काय देव घालणार आहे का?" मूळचेच धांदरट. माझ्या डोक्यात माझीच काळजी मावत नव्हती.

शेवटी मी चिठ्ठी लिहिली, 'समजलं नाही. दोष बहुधा माझा आहे.' आणि पुस्तक परत केलं.

दहावं म्हणून मी पुढचाच नंबर उचलला, अ-११८. तोच निळा पुठ्ठा. लाकडाच्या वखारीची गोष्ट होती, विठ्ठल नावाच्या माणसाची. मी घाबरून पुस्तक मिटलंच. मग मन घट्ट करून वाचत गेले. एकशे अठ्ठाविसाव्या पानावर विठ्ठलला कोर्टाची नोटीस आली. पान उलटलं, आणि बोटीतून आपली ट्रंक स्वतःच्या हाताने ओढत शेवंता उतरली.

मी चपला पायात सरकवल्या, अ-११८ घेऊन कुमुदला गाठलं, कपाटातून अ-११७ काढलं, आणि तिथून दोघी कोटल्याला. बाइंडरने पुस्तकं उलटसुलट करून बघितली. त्याने दोन्ही पुस्तकं एकदमच उसवली होती, आणि अर्धे अर्धे गठ्ठे एकमेकांत गेले होते. त्याला मराठी येत नव्हतं, पण आकडे वाचता येत होते. "बहनजी, नंबर देख लीजिए," तो जरा दुखावूनच म्हणाला. "एक सौ अट्ठाईस के बाद एक सौ उनतीस. एक भी पन्ना इधर-उधर नहीं है."

त्याचं काही चुकलं नव्हतं बिचाऱ्याचं. मला तर त्याच्या हातात पेढा ठेवावासा वाटत होता. येताना मी रस्त्यात कुमुदचा हात धरला आणि आईचं सगळं सांगून टाकलं. रडलेही थोडी.

"वेडी आहेस," ती म्हणाली. "आधी नाही का बोलायचंस?"

"तू 'शेवट विशेष भावला' लिहिलं होतंस ना."

कुमुद ओशाळली. "खरं सांगू? मी पहिली चाळीस पानं वाचली आणि शेवटचं एक. मलाच बाराचा आकडा गाठता येत नव्हता, यार."

रविवारी मंडळाची मीटिंग होती. कुमुदने सगळा किस्सा रंगवून सांगितला आणि लोक हसून लोटपोट झाले. मग एकेक जण कबूल करायला लागला. चटका लागलेल्या बाईंनी पुस्तक उघडलंच नव्हतं. 'ओघवती भाषा'वाल्यांनी मुलीकडून चिठ्ठी लिहून घेतली होती. मी छाती काढून बसले होते. अख्ख्या लक्ष्मीबाई नगरात पुस्तक खरंच वाचणारी मी एकटी.

एकटी नाही. हे शेजारीच बसले होते, सगळ्यांबरोबर हसत. पण आपणही वाचलं नव्हतं, असं हे म्हणाले नाहीत. म्हणतील कसे? यांनी वाचलं होतं.

मला एकदम तहान लागली. अ-११८ मधली शेवंता गावी परत जाते, शाळा काढते, लग्नबिग्न करत नाही. विठ्ठल तर त्या गोष्टीतलाच नव्हता. तिची ट्रंक कुणीही उचलत नाही, कुठल्याच पुस्तकात.

"आता सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचूया," कुमुद म्हणाली, आणि टाळ्या पडल्या. अ-११७ टेबलावर होतं. मी उठले, "थांब, आधी माझी काढते, अक्षर तुला लागणार नाही," असं काहीतरी बोलले आणि पाकिटात बोटं घातली. दोन चिठ्ठ्या काढल्या. एक कुमुदच्या हातात दिली, दुसरी, यांची, मुठीत दाबून पर्समध्ये टाकली. कुमुदने माझ्याकडे बघितलं, आणि माझी चिठ्ठी वाचायला लागली.

घरी आल्यावर मी चहा टाकला. हे गॅलरीत बसले होते.

"मजा आली," हे म्हणाले. "पण लोकं काय खोटं बोलतात बघ. वाचायचं नाही आणि लिहायचं."

"तुम्ही मात्र वाचलं होतंत."

"शब्द न् शब्द."

"मग सांगा ना मला नीट. शेवंताचं काय झालं?"

यांनी कप खाली ठेवला आणि सांगायला लागले. शेवंता बोटीतून उतरते. वखारवाला भला माणूस असतो. या वेळी वखार फरीदाबादला होती, आणि शेवंताला एक मुलगी होती, तिला मराठी नीट यायचं नाही. ट्रंक कशी जड होती, वखारवाला ती खांद्यावर घेऊन कसा चालला, वाटेत शेवंता त्याच्यावर कशी खेकसली, सगळं सांगितलं. आवाजात जरासुद्धा अडखळणं नव्हतं. आईसुद्धा अशीच सांगायची.

"आवडली का?" यांनी विचारलं.

वर्षभरात मी एकही अभिप्राय खोटा दिला नव्हता.

"छान आहे हो," मी म्हटलं. "खूपच छान आहे."

चहा निवत होता. मी म्हटलं, "अहो, मला अलीकडे विसरायला होतं. त्या पुस्तकाचंच बघा ना, चारदा वाचूनही काही कळलं नाही. एकदा डॉक्टरांना दाखवावं म्हणते. तुम्ही याल का बरोबर?"

यांनी माझा हात हातात घेतला.

"मलाही वाटतच होतं गं," हे म्हणाले. "बोललो नाही इतकंच. घाबरू नकोस. मी येतो ना."