जपून ठेवलेले मशीन

मित्रांनो, मी मुलांच्या दवाखान्यातले एक जुने इको मशीन आहे. जुना मी फक्त वयाने. कामाच्या बाबतीत अजून नवाकोराच आहे आणि त्याचीच मला चीड येते.

छातीवर माझे टोक टेकवले की आतले हृदय पडद्यावर दिसते. तापाने फणफणलेले मूल कधीकधी अचानक गार पडते, नाडी धावत सुटते. तेव्हा सलाईन किती द्यायचे, हे हृदय बघून ठरवलेले बरे. अंगातले पाणी कमी झाले असेल तर मूल सलाईनने तरतरीत होते. पण हृदयच थकलेले असेल तर तेच पाणी त्याला झेपत नाही आणि फुप्फुसात साठते.

मी आलो तेव्हा सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. मग मोठ्या डॉक्टरांनी मला वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत कुलूपबंद केले. दहाजणांचे हात लागले की वस्तूची वाट लागते, असे त्यांचे म्हणणे. किल्ली कायम त्यांच्या खिशात.

एका दुपारी एक चिमुरडी आली. हातपाय गारठलेले होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी वडिलांना सांगितले, की मुलगी शॉकमध्ये आहे.

"पण सकाळपासून घरात लाईटच नाही," ते म्हणाले. "शॉक बसेल कसा?"

बाईंनी समजावले, की हा विजेचा शॉक नव्हे, अंगात रक्त नीट फिरत नाहीये. मग त्यांनी मला मागितले. मोठे डॉक्टर बाहेर गेले होते, फोन उचलत नव्हते.

"कुलूप तोडूया का?" बाईंनी विचारले.

"नोकरी जाईल तुमची," सिस्टर म्हणाल्या.

दाराच्या काचेतून मी नुसता बघत राहिलो. बाईंनी अंदाजाने सलाईन दिले. नाडी जरा सुधारल्यासारखी वाटली, म्हणून आणखी दिले. मग पोरीला धाप लागली. बाईंनी पोट चाचपले, यकृत सुजून खाली उतरले होते, म्हणजे पाणी हृदयाला झेपत नव्हते. त्यांनी ताबडतोब सलाईन बंद केले.

मोठे डॉक्टर धावत आले तेव्हा कुठे मी बाहेर पडलो. पडद्यावर हृदय फुगलेले, जेमतेम हलणारे दिसले. त्याला बळ देणारे औषध सुरू झाले, पण फार उशीर झाला होता. थोड्या वेळाने ते हृदय थांबले.

वडील माझ्याकडे बघत होते. "हे शेजारच्याच खोलीत होतं?" त्यांनी विचारले.

मोठ्या डॉक्टरांनी माझे टोक हळुवार पुसले, कव्हर चढवले, मला आत ढकलले आणि दाराला पुन्हा कुलूप घातले.

मित्रांनो, मला वापरा, झिजवा, मोडलो तरी चालेल. पण इतके जपू नका. या जपण्यात माझ्यावर साधा ओरखडाही उठला नाही, आणि ती पोर गेली.